नकाशावर राहिलेल्या दोन खुणा

वाचकाचं पत्र:

‘लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून पुण्यात नोकरी करणाऱ्या लेकीनं आम्हा दोघांना हैदराबादची चार दिवसांची सहल भेट दिली. लेकीशिवाय, सासूबाईंशिवाय असं फक्त दोघं आम्ही पहिल्यांदाच गेलो. तीन दिवस फार छान गेले. सालारजंग म्युझियममधल्या घड्याळासमोर गर्दी होती, तर माझा गुडघा दुखतो म्हणून ह्यांनी आधी जाऊन माझ्यासाठी खुर्ची धरून ठेवली. नंतरचे दोन दिवस रामोजी फिल्म सिटी, मुक्काम आतल्याच हॉटेलात. शेवटच्या दिवशी सकाळी खोली सोडली, सामान ठेवायला दिलं आणि रात्रीच्या दक्षिण एक्स्प्रेसपर्यंत पुन्हा फिरायला निघालो. तिकीट लेकीनं काढलेलं, म्हणून ह्यांना काहीच सोडायचं नव्हतं. हातात नकाशा, खिशात पेन, बघून झालं की खूण. दुपारी तीनला मी एका बाकावर बसले ती उठलेच नाही. हे म्हणाले, “काहून बसून राहिली तू? दोनच राहिले, चल ना.” मी म्हटलं, “तुम्ही जा, मला नाही यायचं.” ते खरंच गेले. माझा फोन पिशवीत आणि पिशवी ह्यांच्या खांद्यावर. पाऊण तास मी चपला काढून एकटी बसून. परत आले ते गप्प. मीही काही विचारलं नाही. गाडीत रात्रभर शब्द नाही. आता तीन आठवडे झाले, कामापुरतंच बोलतो. लेक रोज फोटो मागते. हे एकदाच बोलले, “पोरीचे पैसे पाण्यात गेले.” पुढच्या वर्षी हे रिटायर होतात. चार दिवसांत ही गत, तर चोवीस तास एका घरात आमचं कसं होणार? जाता जाता सांगते, कपडे धुवायला काढले तेव्हा ह्यांच्या शर्टाच्या खिशात तो नकाशा सापडला. दोन खुणा तशाच राहिल्या होत्या.’

– एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

ताई,

तुमच्या पत्रातली शेवटची ओळ मी आधी घेते. तुम्ही ती लिहिली आणि तिथंच थांबलात, पण माझं मन तिथंच अडकलं. दोन दिवस प्रत्येक गोष्ट बघून झाली की पेन काढून खूण करणारा माणूस शेवटच्या दोन गोष्टी बघून आला असता, तर खूण करायची राहिली नसती. म्हणजे ते गेले, पण त्यांनी बघितलं काहीच नाही. पाऊण तास ते कुठं होते? शोच्या दारापर्यंत जाऊन परत फिरले, कुठं चहा घेत बसले, की लांबून तुमच्याकडेच बघत उभे राहिले, हे त्यांनाच विचारावं लागेल. पण ‘ह्यांना मी नको होते, खेळ हवे होते’ असं जे तुम्ही तीन आठवडे मनात धरून बसला आहात, त्याला त्या कागदावर कुठंच आधार नाही. तुमच्याशिवाय बघायला त्यांचे पाय वळले नाहीत, एवढंच तो कागद सांगतो.

यामुळे त्यांची चूक पुसली जात नाही. परक्या गावात, इतक्या अफाट जागेत बायकोजवळ फोन नाही, हे लक्षात न घेता निघून जाणं चुकीचंच होतं. त्या पाऊण तासात तुम्हाला भीती वाटली असणार. तुम्ही ते लिहिलेलं नाही, ‘चपला काढून एकटी बसून’ एवढंच लिहिलंय, पण मला ते त्यात दिसतं. ही गोष्ट त्यांना सांगायचीच आहे. कशी, ते पुढं लिहिते.

आधी तो दिवस नीट बघू या. भांडण तीन वाजता झालं असं तुम्ही म्हणता. मला वाटतं, सकाळी खोलीची किल्ली परत केली तिथूनच ते सुरू झालं. आधीच्या तिन्ही दिवशी तुमच्या हाताशी एक पलंग होता. पाय भरून आले, डोकं चढलं, एकमेकांचा कंटाळा आला, तर दार लावून अर्धा तास पडता येत होतं. शेवटच्या दिवशी ते दारच राहिलं नाही. सकाळी खोली सोडल्यापासून रात्री बर्थवर पाठ टेकेपर्यंत बारा तासांहून जास्त वेळ तुम्ही दोघं उघड्यावर होता. वर मार्चचं ऊन. उन्हाची सवय असलेल्या नागपूरच्या माणसालाही त्या उन्हात दिवसभर चालायची सवय नसते, आपण एप्रिल-मे महिन्यात दुपारी पडदे ओढून घरात बसतो. साडेपाचच्या सुमारास फिल्म सिटी बंद होते, मग सामान उचला, हयातनगर आणि एल. बी. नगरच्या गर्दीतून सिकंदराबाद गाठा, फलाटावर बसून राहा. असा दिवस नव्या जोडप्यानंही भांडल्याशिवाय काढला नसता.

म्हणून पुढच्या वेळी शेवटच्या दिवसाचा पलंग हातचा सोडू नका. हॉटेलवाल्याला आधीच विचारायचं, अर्ध्या दिवसाचे जास्तीचे किती घेता. ते जास्त वाटलं तर स्टेशनावरची रिटायरिंग रूम आहे. पक्कं तिकीट असलं की पीएनआर नंबरावर ती आगाऊ घेता येते, आयआरसीटीसीवरून लेकच करून देईल. तिसरा मार्ग मला सगळ्यात जास्त पसंत आहे, तो म्हणजे परतीची गाडीच बदलायची. 16 सप्टेंबर 2024 पासून नागपूर-सिकंदराबाद वंदे भारत सुरू झाली आहे. ती सिकंदराबादहून दुपारी एकच्या सुमारास निघते आणि रात्री साडेआठच्या आत नागपुरात आणून सोडते. म्हणजे शेवटच्या दिवशी नाश्ता करायचा, आवरायचं आणि निघायचं. ‘आणखी काय बघायचं’ हा प्रश्नच उरत नाही, आणि झोपायला आपलं घर.

आता ते नकाशाचं वेड. रामोजी फिल्म सिटी 1996 साली उभी राहिली ती सिनेमाच्या शूटिंगसाठी. पसारा 1,666 एकरांचा. जगातला सगळ्यात मोठा फिल्म स्टुडिओ म्हणून तिचं नाव गिनीज बुकात आहे. त्या लाल बसगाड्या आपल्याला सेटवरून फिरवतात, उतरवतात, शोच्या वेळा ठरलेल्या असतात, एक गाठावा तर दुसरा हुकतो. दहा एकर वावर असलेला शेतकरीसुद्धा रोज सगळा बांध फिरत नाही. इतकी मोठी जागा पुरी बघून झाली असं कुणाचंच होत नाही, आणि तुमच्या ह्यांना हे कळत नसेल असं मला वाटत नाही. तरी ते थांबले नाहीत, ते का, हे समजून घ्यायला हवं.

‘पैसे वसूल’ हा विचार आपल्या सगळ्यांच्या अंगात आहे, आणि तो आपल्यापुरताच आहे असंही नाही. 1985 साली अमेरिकेत हाल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर या दोन अभ्यासकांनी लोकांना एक प्रश्न घातला. समजा, तुम्ही बर्फावर घसरायला जायच्या दोन सहलींची तिकिटं काढलीत. एक 100 डॉलरची, दुसरी 50 ची. 50 डॉलरच्या सहलीत जास्त मजा येईल असं तुम्हाला वाटतं. मग लक्षात आलं की दोन्ही एकाच शनिवार-रविवारी आहेत आणि पैसे परत मिळत नाहीत. कुठं जाल? पैसे तर दोन्हीकडचे गेलेलेच होते, मजा दुसरीकडे होती. तरीही निम्म्याहून जास्त लोकांनी 100 डॉलरची सहल निवडली. खर्च झालेला पैसा माणसाला असा मागून ओढतो.

तुमच्या ह्यांच्या बाबतीत तो पैसा त्यांचा स्वतःचाही नव्हता. तुम्हीच लिहिलंय, ‘तिकीट लेकीनं काढलेलं.’ इतकी वर्षं हा माणूस लेकीला देत आला. फी, कपडे, होस्टेल, लॅपटॉप. पहिल्यांदाच तिच्या हातातून घ्यायची वेळ आली. लेकीकडून घेणं आपल्याकडच्या बापांना फार जड जातं. आपण त्यांना ते कधी शिकवलेलंच नाही, उलट लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये असं सांगणारी माणसं आपल्या घराघरांत होती. मग निदान तिनं दिलेल्यातलं काही वाया जाऊ नये, ‘बेटा, सगळं बघितलं, एक पण नाही सोडलं’ असं तिला सांगता यावं, यासाठी ते पेन घेऊन फिरत होते. ‘पोरीचे पैसे पाण्यात गेले’ हे वाक्य तुम्हाला टोमण्यासारखं लागलं. मला त्यात लेकीसमोर वाटणारी लाज ऐकू येते.

आता तुमच्याबद्दल. रागावू नका, पण पत्रात मला एक गोष्ट खटकली. सालारजंगमध्ये ह्यांना तुमचा गुडघा दुखतोय हे ठाऊक होतं, आणि त्यांनी गर्दीच्या आधी जाऊन खुर्ची धरली. फिल्म सिटीतल्या बाकावर तुम्ही काय म्हणालात? ‘मला नाही यायचं.’ गुडघ्याचं नाव काढलं नाही. त्यांना ऐकू आलं ते एवढंच, की हिला आपल्यासोबत यायचं नाही. पंचवीस वर्षांनंतर न सांगता कळायला हवं, असं आपल्याला वाटतं. मला पत्र लिहिणाऱ्या कितीतरी बायकांना तसं वाटतं. पण ऊन असतं, माणूस दमलेला असतो, आणि अशा वेळी न सांगता काही कळत नाही. ‘गुडघा दुखून राहिला, अर्धा तास बसू द्या’ या एका वाक्यानं ते बहुतेक तुमच्या शेजारी बसले असते.

आणि तुम्ही फक्त गुडघ्यामुळेच बसला होता का? दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूर. उतरल्या उतरल्या सासूबाईंचा चहा, औषधं, कपड्यांचा ढीग, डबा. चार दिवस हातात लाटणं नव्हतं. ते संपायला आलं होतं. संपत आलेला वेळ तुम्हाला बसून, हळूहळू घालवायचा होता. त्यांना तोच वेळ पळत पळत भरून काढायचा होता. सहल दोघांनाही सारखीच आवडली होती, ती संपू नये असं दोघांनाही सारखंच वाटत होतं. तीन वाजता तुमच्यापैकी एकानंही हे बोलून दाखवलं नाही.

तीन दिवस छान गेले असं तुम्ही स्वतः लिहिता आणि तरी पत्र सगळं चौथ्या दिवसाचं आहे. यात तुमचा दोष नाही. आठवण अशीच बनते. पुढं 2002 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये एक प्रयोग केला होता. लोकांना 14 अंशाच्या गार पाण्यात मिनिटभर हात बुडवायला लावला. दुसऱ्या वेळी तेच एक मिनिट, आणि वर आणखी अर्धा मिनिट, फक्त त्या अर्ध्या मिनिटात पाणी हळूहळू 15 अंशापर्यंत आणलं. मग विचारलं, यातलं पुन्हा काय कराल? बहुतेकांनी दीड मिनिटवालं निवडलं. त्रास जास्त वेळ झाला होता, पण शेवट जरासा बरा होता, म्हणून आठवण बरी राहिली. तुमचं उलट झालं. चार दिवसांपैकी एक दुपार वाईट गेली, ती शेवटाला आली आणि सगळ्यावर पसरली. गाडीतली ती मुकी रात्र तिच्यात भर घालून गेली. म्हणून शेवटच्या दिवशी नवं काही काढू नये असं मी सगळ्यांनाच सांगते. आधीच्या दिवसांत दोघांना जे आवडलं, त्यातलं एखादं पुन्हा बघावं. तिथली वाट माहीत असते, कुठं सावली आहे ते माहीत असतं, आणि ‘राहून गेलं’ असं काही वाटत नाही.

आता बोलायचं कसं. सासूबाईंसमोर नको, जेवताना नको, लेकीचा फोन चालू असताना तर नकोच. ते सकाळी चहा घेत पेपर वाचतात तेव्हा किंवा रात्री गच्चीत असतील तेव्हा, तुम्हाला त्यांची वेळ ठाऊक आहे. आधी तुमचं सांगा, थोडक्यात: ‘अहो, त्या दिवशी तुम्ही मला तिथं बसवून गेले, फोन पण नव्हता माझ्याजवळ. मला भीती वाटली. पुन्हा असं करू नका.’ लगेच पुढचं: ‘माझा गुडघा दुखत होता, ते मी सांगितलं नाही.’ आणि मग तो नकाशा त्यांच्यापुढं ठेवा. ‘या दोन खुणा नाही केल्या तुम्ही. कुठं होते?’ एवढं विचारून थांबा. उत्तर तुम्ही सुचवू नका, ‘मला माहीत आहे तुम्ही…’ असं काही म्हणू नका. ‘जाऊ दे ना’ म्हणाले, तर जाऊ द्या. नकाशा मात्र त्यांच्याजवळच राहू द्या. ज्यांना बोलायला जड जातं ते एक-दोन दिवसांनी, भलत्याच वेळी, स्कूटर पुसता पुसता बोलतात. तेव्हा हातातलं काम ठेवून ऐका.

लेकीला फोटो आजच पाठवा, त्यांचं बोलणं होईपर्यंत थांबू नका. ती रोज मागते याचा अर्थ तिलाही काहीतरी वास आलेला आहे. आईवडील सहलीहून आले आणि एक फोटो नाही, यातून ती स्वतःलाच दोष देत असेल, की आपण चुकीची भेट दिली. तिला भांडणाची सगळी हकीकत सांगायची गरज नाही, खोटंही सांगू नका. ‘शेवटच्या दिवशी दोघंही फार दमलो, थोडी कुरबुर झाली, पण तीन दिवस फार छान गेले’ हे पुरे. आणि हे सांगताना फोन स्पीकरवर ठेवा, ते घरात असताना. त्यांनी तुमच्यासाठी खुर्ची धरली, हे तुम्ही लेकीला सांगताना त्यांच्या कानावर जायला हवं. पैसे पाण्यात गेले नाहीत हे त्यांना दुसऱ्या कशानंही इतकं पटणार नाही.

गुडघा एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या. वय झालं म्हणून अंगावर काढू नका. सांध्यांच्या दुखण्यात व्यायामानं आणि वजन आटोक्यात ठेवल्यानं बरंच हलकं वाटू शकतं, पण कोणता व्यायाम हे तपासणाऱ्यानंच सांगायला हवं. ह्यांना सोबत घेऊन जा. दुखतं म्हणजे नेमकं काय होतं, हे त्यांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं बरं.

राहिला तुमचा खरा प्रश्न, निवृत्तीनंतरचा. तुमची भीती मला खोटी वाटत नाही. पंचवीस वर्षं तुमचा संसार कामं वाटून घेऊन चालला. त्यांचं ऑफिस, बँक, बिलं, तुमचं स्वयंपाकघर, सासूबाई, लेकीचा अभ्यास. ही वाटणी चोख होती, म्हणून भांडणं कमी झाली. पण दोघांच्या हातात एकच रिकामा दिवस आहे आणि त्याचं काय करायचं ते दोघांनी मिळून ठरवायचं, असा प्रसंग तुमच्यावर फारसा आलाच नाही. तो पहिल्यांदा आला हैदराबादला, तेही थकलेल्या अंगानं. त्यावरून पुढच्या वीस वर्षांचा निकाल लावू नका. सवय नव्हती, ती करता येते, आणि तुमच्या हातात अजून वर्ष आहे.

सवय कसली? सकाळीच एकमेकांना सांगायची, की आज मला हे एक हवंच आहे. तुमचं एक, त्यांचं एक. बाकी झालं तर झालं. आणि दुसरी, वेगळं व्हायची. तुम्ही बसणं आणि त्यांनी फिरणं यात गैर काहीच नव्हतं. चोवीस तास चिकटून राहणं कुणालाच मानवत नाही, रिटायर झाल्यावर तर मुळीच नाही. फक्त वेगळं होताना तीन गोष्टी बोलायच्या: किती वाजता भेटायचं, कुठं भेटायचं, आणि ज्याचा फोन त्याच्याजवळ आहे ना. एखाद्या शनिवारी, त्यांना सुट्टी असेल तेव्हा, मेट्रोनं बर्डीला जा. तुम्हाला मेन रोडवर दुकानं बघायची असतील, त्यांना गर्दीत फिरायला आवडत नसेल, तर ते महाराजबागेकडे जातील. दोन तासांनी ठरल्या जागी भेटा, काहीतरी खा आणि सोबत परत या. घरी आल्यावर त्यांनी काय बघितलं ते विचारा, तुम्ही काय बघितलं ते सांगा. महिन्यातून एकदा असं केलंत तर वर्षभरात वेगळं होणं म्हणजे सोडून जाणं असं दोघांनाही वाटेनासं होईल.

त्या दोन-तीन तासांत सासूबाईंजवळ कोण बसेल, हे मात्र आधी ठरवून ठेवा. चार दिवस तुम्ही बाहेर होता तेव्हा कुणीतरी सांभाळलंच असेल, त्यांनाच विचारा. आणि ते विचारायचं काम तुम्ही एकटीनं अंगावर घेऊ नका. आई त्यांची आहे, फोन त्यांना करू द्या.